वाटा हवा की पेन्शन?

जुन्या हिंदू कायद्यात जन्मांध, जन्मतः बहिरा-मुका किंवा वेडसर ठरवलेला मुलगा बापाच्या इस्टेटीत वाटेकरी नसे. त्याला पोटगी मिळे, म्हणजे भावांनी त्याला दोन वेळचं जेवूखाऊ घालावं एवढीच सोय. १९२८ च्या कायद्याने ही बंदी बरीच सैल केली आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या कलम २८ ने तिचा निकालच लावला. आजार, व्यंग, शारीरिक दोष, यांपैकी कशामुळेही वारसाहक्क जाणार नाही, असं ते कलम सांगतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ आणखी पुढे जातं. दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा आणि आपले पैशाचे व्यवहार आपण सांभाळण्याचा हक्क आहे, आणि तो मिळेल हे पाहणं सरकारचं काम आहे.

कायद्याच्या पुस्तकात प्रश्न मिटला. तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेत मात्र तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो: वाटा हवा की पेन्शन?

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये सुरू झालेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हा महाराष्ट्रातल्या गरीब दिव्यांगांचा मुख्य आधार. लोक तिला सरळ ‘पेन्शन’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. रक्कम आधी १००० रुपये होती, २०२३ मध्ये १५०० झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांसाठी २५०० झाली. ही वाढ चांगली आहे, उशिरा का होईना झाली. पण ती मिळण्याची अट तशीच आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. इतर निराधारांसाठी तर ही मर्यादा २१ हजार आहे. ५० हजार म्हणजे अख्ख्या कुटुंबाला महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. घरातला एकच माणूस वर्षात १६१ दिवस सरकारी दराने खडी फोडायला गेला तर ५० हजार २३२ रुपये होतात आणि कुटुंब सरकारच्याच हिशेबाने गरीब राहत नाही.

अशा मर्यादेत वारसा आला की काय होतं ते बघू. समजा नाशिकच्या निफाड तालुक्यात एका शेतकऱ्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. तो वारला. मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीला लहानपणी पोलिओ झालेला, ६० टक्के दिव्यांगत्व, लग्न झालेलं नाही, भावांच्या घरात राहते. वारस नोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर चार नावं चढतात. ८० गुंठ्यांचे चार वाटे केले तर तिचे २० गुंठे. पण हे २० गुंठे कुठले, ते बांधावर उभं राहून कुणी दाखवू शकत नाही. खातं सामायिक आहे. बाग थोरला भाऊ करतो, औषध-फवारणी तो करतो, सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर, व्यापाऱ्याशी सौदा त्याचा. खुड्यानंतर हातात काय उरलं हे त्यालाच माहीत. बहिणीला त्यातलं किती मिळतं, हा भावाच्या स्वभावाचा आणि वहिनीच्या मर्जीचा प्रश्न.

उत्पन्नाच्या दाखल्याला मात्र स्वभाव कळत नाही. दाखला काढायचा तर तलाठ्याचा अहवाल लागतो. (त्याचं सरकारी नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तो अजून भाऊसाहेबच.) भाऊसाहेब सातबारा बघतो, द्राक्षाखालचं क्षेत्र बघतो, शिधापत्रिकेवरची माणसं बघतो आणि आकडा टाकतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की पडताळणीत नाव कटतं. ज्या बागेतून तिला रुपया दिसलेला नाही, तिच्यापायी तिच्या खात्यावर येणारे एकमेव रोख पैसे थांबतात.

म्हणून घरातलाच कुणीतरी, बहुतेक वेळा चांगल्या मनाने, सुचवतो: ताई, कशाला नाव ठेवतेस? पेन्शन जाईल तुझी. हक्कसोड करून दे, आम्ही आहोतच की.

बहिणींनी हक्कसोड करायची आपल्याकडे रीतच आहे. साडीचोळी आणि माहेरचा दरवाजा उघडा राहावा एवढ्यासाठी बायका लाखोंच्या जमिनीवर सही करून मोकळ्या होतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकीच वाटेकरी, केलं तरी ही रीत मोडली नाही. दिव्यांग बहिणीच्या किंवा दिव्यांग भावाच्या बाबतीत या रितीला सरकारी नियमाचं बळ मिळतं. लोभी भावाला आता लोभाचं कारणही द्यावं लागत नाही, शासन निर्णय त्याच्या बाजूने बोलतो. आणि एकदा नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं की ते सहजी फिरत नाही. पुढे भाऊ वारला, पुतण्यांनी वाटण्या केल्या, जमीन विकली, तर आत्या कुठे राहणार? तिच्याकडे पेन्शन असेल, डोक्यावर छप्पर असेलच असं नाही. जुना कायदा सांगायचा की तुला वाटा नाही, पोटगी घे. आज कायदा वाटा देतो आणि योजना सांगते की पोटगी हवी असेल तर वाटा सोड. तिच्या पदरात पडतं ते जवळजवळ तेच.

नियमात ‘मालमत्ता’ हा शब्द नाही, फक्त ‘उत्पन्न’ आहे, मग वारशाने मिळालेल्या जमिनीचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध इथेच येतो. गरिबाचं खरं उत्पन्न कुणालाच दिसत नाही. बिगारीची मजुरी, टपरीचा गल्ला, शिलाई मशीनवरचे पैसे, यांचा कागद नसतो. ५० हजारांच्या आतले दाखले राज्यभर कसे निघतात हे सेवा केंद्रात बसलेल्या पोरापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे आणि मी त्याबद्दल कुणालाही दोष देत नाही. मर्यादाच अशी ठेवली आहे की खरं बोलणारा बाद होतो. पण वारसा लपत नाही. त्याला फेरफार क्रमांक असतो, आठ-अ चा उतारा असतो. संपादनात जमीन गेली तर मोबदला थेट बँकेत जमा होतो. समृद्धी महामार्गाला इगतपुरी-सिन्नर भागातल्या जमिनी गेल्या तेव्हा सातबाऱ्यावरच्या नावांना पैसे मिळाले. त्यात कुणाचा दिव्यांग भाऊ, कुणाची मतिमंद मुलगी असणारच. एकदाच आलेली ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरायची, की जमिनीच्या जागी आलेली मालमत्ता? प्राप्तिकर खात्याला याचं उत्तर स्पष्ट माहीत आहे, वारशाने आलेली संपत्ती तिथे उत्पन्न धरली जात नाही. पेन्शनच्या बाबतीत उत्तर समोर बसलेल्या कारकुनावर अवलंबून.

हा प्रश्न आत्ताच का काढला? कारण २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली गेली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. मोहीम अत्यंत गरजेची होती. आमच्या नाशिक जिल्ह्यातही आजोबा-पणजोबांच्या नावावर अडकलेले उतारे खंडीभर आहेत. त्याच सुमाराला ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीखाली शेतकरी ओळख क्रमांक आले, आधार आणि जमीन एकमेकांना जोडली गेली. पेन्शनही आता थेट आधार जोडलेल्या खात्यावर जाते. दोन याद्या शेजारी ठेवून बटण दाबायचं काय ते राहिलंय. लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये इतर खात्यांच्या याद्यांशी ताळा घालून लाखो नावं संशयित ठरली, तो प्रयोग ताजा आहे. तसं इथे झालं तर वर्षानुवर्षं वारस नोंद न झाल्यामुळे ‘भूमिहीन’ राहिलेला दिव्यांग माणूस एका सकाळी खातेदार होईल आणि त्याच सकाळी अपात्र.

लाडक्या बहिणीचा विषय निघालाच आहे तर तिथला हिशेबही मांडतो. २०२४ मध्ये ती योजना आली तेव्हा रक्कम १५०० होती आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. सुरुवातीला पाच एकरांपेक्षा जास्त शेती असलेलं कुटुंब अपात्र होतं. काही दिवसांत ती अटही काढून टाकली. म्हणजे धडधाकट बाईच्या घरात सहा एकर द्राक्षबाग असली तरी सरकारला चालली, आणि कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाच्या घरात ५० हजारांवर एक रुपया चालत नाही. मला बहिणींचे पैसे खुपत नाहीत. पण एकच सरकार, तेव्हा रक्कमही एकच आणि गरिबीची मोजपट्टी पाचपट वेगळी, हे कुणी समजावून सांगावं. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ म्हणतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत हवी. २०२४ च्या मध्यापासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत दोघांनाही १५०० च मिळत होते. आता रकमेत ते कलम पाळलं गेलं आहे, मर्यादेत नाही.

पीएम किसानचं बघा. स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या शेतकरी कुटुंबाला वर्षाला सहा हजार, वर राज्याचे ‘नमो’चे सहा हजार. त्या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली, नंतर जमीन घेणाऱ्याला लाभ नाही, पण वारशाने नाव लागलं असेल तर चालतं अशी सूट ठेवली. म्हणजे वारसा ही वेगळी गोष्ट आहे, माणूस ती ठरवून कमावत नाही, हे दिल्लीतल्या कुणाला तरी सुचलं होतं. त्याच २० गुंठ्यांमुळे आमची ताई एका खिडकीवर मदतीला पात्र ठरते आणि दुसरीवर अपात्र.

सगळ्यात बोचरी तुलना प्राप्तिकराची. जुन्या करप्रणालीत दिव्यांग करदात्याला ७५ हजारांची आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळत आली आहे, ८०-यू या कलमाखाली. तिला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही, वडिलांनी गंगापूर रोडला बंगला ठेवला आहे का असं कुणी विचारत नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे यात २२ हजार ५०० किंवा ३७ हजार ५०० रुपये वाचतात, उपकर वेगळा. १५०० ची पेन्शन वर्षाला १८ हजार होती, आता २५०० ने ती ३० हजार झाली आहे. ही वजावट बरोबरच आहे. दिव्यांगत्वाचा खर्च पगारदारालाही असतो, हे तिथे सरकारने मान्य केलं. गरिबाच्या बाबतीत तेच मान्य करायला काय हरकत आहे? वर, १९८५ मध्ये केंद्राने एस्टेट ड्यूटी रद्द केली तेव्हापासून या देशात कोट्यधीशाच्या मुलालाही वारसा मिळाला म्हणून कर द्यावा लागत नाही. वारसा मिळाल्यामुळे दरमहा काही गमवावं लागतं ते फक्त पेन्शनवर जगणाऱ्याला.

आता विरुद्ध बाजू, आणि ती फालतू नाही. नाशिकच्या कडेच्या मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव इथे कालची शेतं आज शहरात आली आहेत. तिथे वारशाने दहा गुंठे मिळालेला माणूस कागदावर श्रीमंत आहे. त्याने विकली तर हातात मोठी रक्कम येईल. अशा माणसाला पेन्शन द्यायची आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या, नावावर काहीच नसलेल्या आंधळ्या म्हाताऱ्याचा अर्ज समितीपुढे पडून ठेवायचा का? पैसा मर्यादित आहे, गरजू आधी.

गरजू आधी, हे कबूल. पण पाड्यावरच्या म्हाताऱ्याचा अर्ज मखमलाबादच्या माणसामुळे अडकलेला नसतो. तो पंधरा वर्षांच्या रहिवासाच्या पुराव्यात, सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाच्या तारखेत, बंद पडलेल्या बँक खात्यात अडकतो. एकाला वगळलं की दुसऱ्याला मिळतं असा इथला हिशेब नाही. आणि दहा गुंठ्यांचा मालक असला तरी त्याला रोज रिक्षाच लागते, कारण बसची पायरी चढता येत नाही. मणक्याला मार लागलेल्याला कॅथेटर, डायपर, पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणि कूस बदलायला माणूस लागतो. ते माणूस बहुतेक घरांत आई किंवा बायको असते आणि त्यापायी तिची मजुरी बुडते. हा खर्च दारिद्र्याचा नाही, दिव्यांगत्वाचा आहे. जमीन आली म्हणून तो कमी होत नाही. ब्रिटनने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. दिव्यांगत्वाच्या जादा खर्चासाठी असलेलं पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट उत्पन्न किंवा बचत न बघता मिळतं. गरिबीसाठीचा युनिव्हर्सल क्रेडिट वेगळा, त्याला बचतीची अट आहे: सहा हजार पौंडांपर्यंत काही कपात नाही, पुढे टप्प्याटप्प्याने कपात, सोळा हजारांवर बंद. तिथेही वारसा मिळाला की दुसरा भत्ता जातो, पण पहिला राहतो.

अमेरिकेची नक्कल मात्र करू नये. तिथल्या गरीब दिव्यांगांना आणि वृद्धांना मिळणाऱ्या एसएसआय भत्त्यासाठी एकट्या माणसाकडे २००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता चालत नाही. हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. मावशीने मृत्युपत्रात पाच हजार डॉलर ठेवले तर भाच्याचा भत्ता धोक्यात. ‘मला नको’ म्हणून वारसा नाकारला तरी सुटका नाही, मालमत्ता मुद्दाम सोडली म्हणून काही काळ भत्ता बंद होऊ शकतो. त्यातून वाट काढायला विशेष गरजांसाठीचे ट्रस्ट, त्यासाठी वकील, आणि २०१४ पासून एबल खाती, म्हणजे दिव्यांगांची खास बचत खाती, ज्यातले पहिले एक लाख डॉलर मोजले जात नाहीत. आधी कोंडायचं आणि मग महागडी खिडकी ठेवायची. आपल्याकडे कुणा हुशार अधिकाऱ्याने उद्या हक्कसोडही ‘लाभासाठी केलेली लबाडी’ ठरवली तर ताईला वाटा नाही, पेन्शनही नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईबापांसाठी तर हा प्रश्न झोप उडवणारा आहे. नाशिकमध्ये रजनीताई लिमयांनी १९७७ मध्ये अशा मुलांसाठी प्रबोधिनी ही संस्था सुरू केली. तेव्हा शाळेत आलेली मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली असतील, त्यांचे आईबाप थकलेत किंवा गेलेत. ‘आमच्यानंतर कोण?’ या प्रश्नावर ते एकच तोडगा काढतात: फ्लॅट, ठेव, विमा, जे जमेल ते मुलाच्या नावावर. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकही नेमून घेतात. हे सगळं शहाणपणाचं काम आहे, सरकारनेच शिकवलेलं. पण पगारदार किंवा पेन्शनर नसलेल्या घरात, अंबडच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराने पोटाला चिमटा काढून मुलाच्या नावावर केलेल्या ठेवीचं व्याज त्याच मुलाला अपात्र करू शकतं. मग तो बाप काय करतो? ठेव धाकट्याच्या नावावर करतो आणि धाकटा थोरल्याला सांभाळील अशी आशा धरतो. पुन्हा पोटगी.

करायला हवं ते फार अवघड नाही. एका शासन निर्णयात एवढं स्पष्ट करावं की वारशाने, मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काच्या जमिनीच्या संपादनातून मिळालेली मालमत्ता ही दिव्यांग अर्जदाराचं उत्पन्न नाही. सामायिक खात्यात त्याच्या हातात प्रत्यक्ष आलेलं उत्पन्न तेवढं धरावं, सातबाऱ्यावरच्या हिश्श्याचा अंदाज नको. सज्ञान दिव्यांगाचं पोट भावाच्या कमाईवर मोजणं थांबवावं. मर्यादा निदान लाडक्या बहिणीइतकी, अडीच लाख करावी. मोठ्या वारशाची भीतीच वाटत असेल तर फार वरची एक मर्यादा ठेवा, राहतं घर त्यातून वगळा, आणि मर्यादा ओलांडली म्हणून पेन्शन एकदम न तोडता कमी करा, आधी लेखी नोटीस देऊन. माझ्या मते खरी दिशा म्हणजे ८० टक्क्यांच्या वरच्या दिव्यांगत्वाला उत्पन्नाची अटच नको. ८०-यू ला ती नाही, तर यांना का?

अडचण अशी की हे कुणाच्याच टेबलावर पूर्ण नाही. पेन्शन सामाजिक न्याय खात्याची, सातबारा आणि दाखला महसूलचा, आणि दिव्यांगांचा कायदा सांभाळायला २०२२ च्या डिसेंबरपासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग. कायदा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे योजना नाही. तरी सुरुवात त्या विभागानेच करायला हवी, कलम १३ आणि कलम २४ त्याच्याच हातात आहेत. आमदारांकडे पत्र घेऊन जाणाऱ्या संघटना रक्कम वाढवून मागतात आणि बरोबर मागतात. त्याच पत्रात वारशाची एक ओळ घालायला हवी.

तोपर्यंत ज्यांच्या घरात हे चाललं आहे त्यांच्यासाठी: पेन्शन जाईल या भीतीने हक्कसोडपत्रावर सही करू नका. २५०० रुपये महिना आणि निफाडची वीस गुंठे बाग यांची तुलना कागदावर करून बघा, मग ठरवा. नाव कटलंच तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कुठल्या नियमाने, किती उत्पन्न धरून, कुठल्या कागदावरून कटलं, हे लेखी मागा. ते मिळालं की तहसीलदारांकडे हरकत द्या आणि पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा, कलम १३ चा उल्लेख करून.